नसा रुंद होतात म्हणजे कमकुवत होतात का?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी मयेची. वय ६३, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. डिसेंबरात सहज म्हणून तपासले तर प्रेशर १६८/९८ निघाले. ॲम्लोडिपिनची ५ ची गोळी सुरू झाली, मार्चमध्ये ती १० ची केली. प्रेशर आता १३४/८० च्या आसपास असते. पण संध्याकाळी पावले इतकी सुजतात की चपलेचा पट्टा रुतून वळ उठतो. दुपारी चेहरा तापल्यासारखा होतो. गावच्या जत्रेला उपाशीपोटी उन्हात ओटीच्या रांगेत तासभर उभी होते, तर डोळ्यांपुढे अंधारी आली. देवळाच्या पायरीवर बसावे लागले. मुलाने मोबाइलवर वाचून सांगितले, की ही गोळी नसा रुंद करते. ते ऐकल्यापासून झोप नाही. माझे मोठे दीर पोटातली मोठी नस फुगून फुटली म्हणून अचानक गेले. माझ्या पोटऱ्यांवरही निळ्या शिरा फुगलेल्या आहेत. आधीच फुगलेल्या नसा गोळीने आणखी रुंद करायच्या? सहा दिवस झाले, मी गोळी बंद केली आहे. सूज उतरली आहे. शेजारीण म्हणते, बीटचा रस आणि लसूण घे, गोळीची गरज नाही. काय करू?

— एक वाचक, मये

ताई,

बाकीचे नंतर वाचा, आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी सहा दिवस बंद आहे हे सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. आजच प्रेशर मोजून घ्या. ॲम्लोडिपिन शरीरातून सावकाश जाते, एखाद्या दिवशी विसरली तर फारसे बिघडत नाही. पण सहा दिवसांत तिचा असर बराचसा ओसरलेला असतो आणि प्रेशर हळूहळू मूळ जागी चढत असते. चढताना ते काही कळवत नाही. डिसेंबरात १६८ होते तेव्हाही तुम्हाला काही जाणवत नव्हतेच. मोजल्यावर आकडा १८०/१२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलताना जीभ अडखळणे, हातापायातले बळ जाणे यांतले काहीही असेल, तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न बघता १०८ लावा.

आता तुमची भीती. घरातले माणूस असे अचानक गेले की 'नस' हा शब्दच घाबरवतो, आणि त्यात आपल्याकडे एकाच 'नस' शब्दाने पोटातली महाधमनीही सांगतात, पोटरीवरची निळी शीरही सांगतात आणि गोळी ज्यांवर काम करते त्या केसाहून बारीक धमन्याही. तुमच्या पत्रात या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सोडवल्या की निम्मी भीती जाईल असे मला वाटते.

रक्तवाहिनीचे रुंद होणे तुम्ही आयुष्यभर बघत आला आहात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नारळ, केळी, कांदे-बटाटे भरलेली पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत चालत आलात की पिशवीचा बंद बोटांत रुतलेला असतो. पिशवी खाली ठेवा आणि बोटांकडे बघा. आधी पांढरा वळ दिसतो. मग बघता बघता त्याच जागी लाली चढते, बोट गरम होते, आत ठोके पडल्यासारखे वाटते आणि दोन-चार मिनिटांत सगळे पहिल्यासारखे होते. बंदाखाली रक्त अडले होते. तिथल्या पेशींचे काम चालूच होते, त्यामुळे प्राणवायू संपत आला आणि कार्बन डायऑक्साइड, ॲडेनोसिन, पोटॅशियम यांसारखी द्रव्ये साचत गेली. हीच द्रव्ये शेजारच्या बारीक धमन्यांना सैल करतात. वाट मोकळी होताच रक्त नेहमीपेक्षा जास्त आले आणि साचलेले सगळे धुऊन गेले. यासाठी मेंदूकडून हुकूम यावा लागला नाही, सगळे जागच्या जागी झाले.

धमनीच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात. आपल्या मर्जीने ते हलत नाहीत. ते आवळले की वाट अरुंद होते, सैल पडले की रुंद. म्हणजे आवळलेली मूठ ढिली सोडावी तसे. मूठ ढिली सोडल्याने हात काही कमकुवत होत नाही. आणि या वेढ्यांना फार ढिले व्हावेही लागत नाही. नळी किती रक्त सोडते हे तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरते. शाळेत गणित शिकवले असेल तर हे तुम्हाला आवडेल: त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह १६ पट. त्रिज्या नुसती एक दशांशाने वाढली तरी प्रवाह जवळजवळ दीडपट. म्हणून शरीर एवढ्या तेवढ्या ढिलाईवर मोठी कामे करून घेते.

कुठे आणि केव्हा रुंद व्हायचे, यात खरी गंमत आहे. मयेत कुळागरे, म्हणजे पोफळींच्या बागा आहेत, तुम्हाला पाट नवा नाही. झऱ्याचे पाणी एकच, वाफे पुष्कळ. या वाफ्याच्या तोंडाची माती काढली की त्या वाफ्याचे तोंड चिखलाने बुजवायचे. पोफळींना पाणी पाळीने मिळते. सगळी तोंडे एकदम उघडली तर पाटात पाणीच उभे राहणार नाही आणि शेवटच्या वाफ्याला थेंब मिळणार नाही. शरीरात रक्त साधारण ५ लिटर. त्या मानाने रक्तवाहिन्यांचे जाळे एवढे मोठे आहे, की सगळ्या एकदम पूर्ण उघडल्या तर ते भरायला इतके रक्त पुरणारच नाही. म्हणून इथेही पाळी असते. जेवलात की आतड्यांकडची तोंडे उघडतात. चढण चढलात की मांड्या-पोटऱ्यांची. ऊन लागले की कातडीची, कारण आतली उष्णता रक्तावाटे कातडीवर आणून बाहेर टाकायची असते. हवा सुखाची असते तेव्हा कातडीतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरते. कमालीच्या उष्णतेत तेच ६ ते ८ लिटरांवर जाऊ शकते. आपल्या गोव्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी दमट असते की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, आणि कातडीची तोंडे दिवसभर उघडीच राहतात.

ही तोंडे उघडणाऱ्या द्रव्यांत एक फार मोठे नाव आहे, नायट्रिक ऑक्साइड. ते सापडले त्याची हकीकत मला नेहमी सांगावीशी वाटते. रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करत. ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य घातले की काही पट्ट्या सैल पडत, काही उलट आवळत. कारण काय, तर पट्टी तयार करताना आतला अस्तराचा थर घासला गेला असेल तर ती सैल पडत नसे. एका पेशीएवढ्या जाडीचे ते अस्तर, तोवर बहुतेक जण त्याला नळीच्या आतला गुळगुळीत मुलामा समजत आले होते. १९८० साली फर्चगॉट यांनी दाखवून दिले, की स्नायूला 'सैल हो' असा निरोप हे अस्तर देते. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढे कळले. काही सेकंद टिकतो, तेवढ्यात शेजारच्या स्नायूत शिरून काम करतो आणि संपतो. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना त्यासाठी १९९८ चे नोबेल मिळाले. ज्या आल्फ्रेड नोबेलच्या नावाने हे पारितोषिक आहे, त्याने डायनामाइट बनवले ते नायट्रोग्लिसरीनपासून. आणि शेवटच्या आजारपणात त्याच्या डॉक्टरांनी हृदयासाठी त्याला तेच नायट्रोग्लिसरीन लिहून दिले होते. शरीरात गेल्यावर त्यातून नायट्रिक ऑक्साइड निघते.

हे अस्तर जपण्याजोगे आहे. तंबाखू, अनेक वर्षे वाढलेली साखर आणि वाढलेले प्रेशर यांनी तेच आधी खराब होते. मग नळ्या वेळेला सैल पडायचे विसरतात, आवळलेल्या राहतात, प्रेशर आणखी चढते. तुमच्या गोळीचे काम इथे सुरू होते. धमनीचा स्नायू आवळायला त्याच्या पेशीत कॅल्शियम शिरावे लागते. ॲम्लोडिपिन ते दार पुष्कळसे लोटून ठेवते. हाडांच्या कॅल्शियमशी याचा काही संबंध नाही, तो प्रश्न मला दर आठवड्याला येतो म्हणून सांगून टाकते. कॅल्शियम कमी शिरले की स्नायू ढिला राहतो, वाट मोकळी होते, हृदयाला कमी जोर लावावा लागतो. तुमचा १६८ चा १३४ झाला तो असा.

मग पाय का सुजले?

पुन्हा पाटावर या. गोळी धमन्यांच्या बाजूची, म्हणजे पाणी आत येण्याची तोंडे मोकळी करते. वाफ्यातून पाणी बाहेर जायची वाट, म्हणजे शिरांची बाजू, ती तेवढी मोकळी करत नाही. आत येते जास्त, बाहेर जाते तेवढेच. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि रक्तातले पाणी भिंतीतून झिरपून बाहेरच्या मांसात उतरते. दिवसभर उभे राहून, पाय खाली सोडून बसून ते घोट्यांशी जमते. म्हणून सकाळी पाय उतरलेले आणि संध्याकाळी वळ. ही सूज ५ च्या गोळीपेक्षा १० च्या गोळीने जास्त येते, आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसते. तुमची सूज मार्चनंतर आली आणि गोळी थांबवल्यावर उतरली, हे सगळे या हिशोबात बसते. तुम्ही नीट निरीक्षण केले आहे, फक्त त्यावरून गोळी स्वतःहून सोडायला नको होती.

यावर घरोघरी जो उपाय होतो त्याबद्दल सावध करते. पाय सुजले की कोणाची तरी उरलेली 'लघवीची गोळी' घेतात. या सुजेचे मूळ अंगात पाणी जास्त झाल्यात नाही, झिरपण्यात आहे. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही, मीठ-पोटॅशियम मात्र बिघडते. माझ्या आईचे पाय असेच सुजत तेव्हा तिने आठवडाभर अशी गोळी मला न सांगता घेतली होती. पाय सुजलेलेच राहिले, आणि न्हाणीघरातून उठताना ती पडली.

खरे उपाय डॉक्टरांच्या हातात आहेत आणि ते साधे आहेत. गोळी परत ५ वर आणणे. किंवा ५ च्या जोडीला 'प्रिल' किंवा 'सार्टान'ने नाव संपणारे औषध देणे. ही औषधे शिरांची बाजूही थोडी मोकळी करतात, म्हणजे वाफ्याची बाहेर जायची वाटही उघडते, आणि बऱ्याच जणांची सूज त्यानेच उतरते. ती सुरू करण्याआधी आणि नंतर मूत्रपिंड व पोटॅशियमची रक्ततपासणी लागते. नाहीच जमले तर दुसऱ्या गटातले औषध आहेच. प्रेशरला एकच गोळी असते असे नाही, आणि पाय सुजतात हे सांगितल्याने कोणता डॉक्टर रागावत असेल तर चूक त्याची.

डॉक्टर तुमच्या नडगीवर अंगठा दाबून काही सेकंद धरतील. घरी तुम्हीही करून बघा. अंगठा काढल्यावर खळगा राहतो आणि सावकाश भरतो. दोन्ही पायांना सारखा असेल तर ते गोळीच्या सुजेशी जुळते. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर ती गोष्ट वेगळी. ती शिरेतली गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. आडवे पडल्यावर धाप लागते, सकाळी उठल्याबरोबर पापण्या आणि चेहरा सुजलेला असतो, लघवी फेसाळ होते, यांतले काही असेल तर हृदय आणि मूत्रपिंड तपासायला हवेत. तुमच्या पत्रात यांतले काही नाही. तरी डॉक्टरांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा.

आता जत्रा. त्या दिवशी किती तोंडे एकदम उघडली होती ते मोजा. वर ऊन, म्हणून कातडीची. तासभर एका जागी उभे, म्हणून अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या शिरांत उतरून बसलेले. उपास, त्यात पाणीही कमी प्यायले असणार, म्हणजे पाटात मुळात पाणी कमी. आणि सगळ्याच्या वर १० ची गोळी. एरवी उभे राहिल्यावर मानेतल्या धमन्यांतले दाब ओळखणारे मज्जातंतू लगेच मेंदूला कळवतात, आणि इतर ठिकाणच्या वाहिन्या आवळून तो समतोल राखतो. त्या दिवशी त्याला आवळायला जागाच कमी उरली. शेवटचा वाफा म्हणजे डोके, तिथे पाणी पोचले नाही. तुम्ही पायरीवर बसलात ते अगदी योग्य केलेत. आडव्या झाला असता तर आणखी बरे. अशा वेळी आजूबाजूची माणसे माणसाला धरून उभे करू बघतात, ते करू देऊ नका.

पुढच्या वेळी रांगेत टाचा वर-खाली करत राहा, पाय आलटून पालटून भार घ्या. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते. जाण्याआधी पाणी प्या, उपास असला तरी शहाळे चालते ना. सावलीची सोय नसेल तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर ओटी भरा. देवी काही म्हणणार नाही.

न्हाणीघराचे मुद्दाम सांगते. भाणातले कढत पाणी अंगावर घेतले की कातडीच्या वाहिन्या मोकळ्या होतात, बसक्या पाटावरून झटक्यात उठलात की रक्त पायांत उतरते. पाणी कोमट घ्या, उठण्याआधी जरा थांबा, भिंतीला धरा. रात्री लघवीला उठतानाही खाटेच्या काठावर मिनिटभर बसून मग उभ्या राहा. आणि डॉक्टरांना सांगून प्रेशर बसून एकदा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी असे मोजून घ्या. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर औषधाचा पुन्हा विचार करावा लागतो. दुपारी चेहरा तापतो तो याच गोळीचा परिणाम असावा. बहुतेकांना त्याने अपाय होत नाही, डोस उतरला की तोही उतरतो.

तुमच्या दिरांना जे झाले ते यातले काहीच नव्हे. महाधमनीची भिंत एका जागी विरली, जुना पंचा मध्येच विरावा तशी, आणि आतल्या दाबाने तिथे फुगा आला. तिथे स्नायू सैल होण्याचा प्रश्न नव्हता, भिंतच झिजली होती. अशा विरलेल्या जागेवर ताण टाकते ते वाढलेले प्रेशर, आणि तंबाखूने ती जागा लवकर विरते. तुमची गोळी तो ताण कमी करते. ज्या भीतीने तुम्ही गोळी सोडलीत, तिच्याविरुद्धच ती दिलेली आहे. पुतणे असतील तर त्यांना मात्र एक सांगा: वडिलांना पोटातल्या महाधमनीचा फुगा होता हे आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. हा आजार कधी कधी घराण्यात येतो आणि पोटाच्या सोनोग्राफीत दिसतो.

पोटरीवरच्या निळ्या शिरा तिसऱ्याच. शिरांत रक्त वर चढते राहावे म्हणून झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचते आणि शीर वेडीवाकडी फुगते. तुमच्यासारख्या वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या बायकांत मी त्या खूप बघते. गोळीने त्या झाल्या नाहीत. पण सुजेत त्यांचाही थोडा वाटा असू शकतो, म्हणून त्या दाखवा. रात्री पायांखाली उशी घ्या. घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण पावलांचे ठोके तपासून घेतल्याशिवाय घालू नका. आपल्या दमट हवेत ते दिवसभर घालणे कठीण जाते हे मला माहीत आहे, निदान सकाळचे काही तास घाला.

बीटबद्दल शेजारणीचे म्हणणे निराधार नाही. बीटमध्ये आणि आपल्या तांबड्या भाजीत नायट्रेट भरपूर असते. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि शरीरात त्यातून तेच नायट्रिक ऑक्साइड बनते. खोबरे घालून केलेली तांबडी भाजी आठवड्यातून चार वेळा खा, मला आनंद आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा, आणि बीटने लघवी लाल झाली तर घाबरू नका. पण याने प्रेशर उतरते ते थोडे. १६८ ला ते पुरणार नाही. लसूण फोडणीत राहू दे. त्यापेक्षा पुरुमेंतातले, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीतले सुके बांगडे, खारे आणि लोणचे यांवर हात आखडा, त्याचा फायदा नक्की दिसेल.

आणखी एक, तुम्ही विचारले नाही तरी. बऱ्याच घरांत कोणाची तरी हृदयाच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते. तीही वाहिन्या रुंद करते, आणि पटकन. घेरी आली म्हणून तुम्हाला ती कोणी दिली तर प्रेशर आणखी कोसळेल. दुसऱ्याची गोळी घेऊ नका.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा गोळ्यांची पाकिटे आणि प्रेशरची वही न्या, सूज कोणत्या महिन्यात सुरू झाली ते लिहून न्या. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर जी तपासणी असेल तिची वेळ संध्याकाळची मागा आणि पायांत रोजची चप्पलच घाला. सकाळी पाय उतरलेले असतात, डॉक्टरांना काहीच दिसणार नाही.